खाणीभोवतालचे पाणी तपासताना: ठिकाणे निवडण्यापासून अहवाल पडताळण्यापर्यंत

चंद्रपूर, राजुरा, भद्रावती, वणी या कोळसा पट्ट्यातल्या गावांकडे पाण्याचे अहवाल भरपूर असतात. कुणी ग्रामपंचायतीकडून तपासून घेतलेले, कुणी खाणीने दिलेले, कुणी कॉलेजच्या मुलांनी प्रकल्पासाठी केलेले. त्यातले बरेचसे पुढे कुठेच उपयोगी पडत नाहीत. प्रयोगशाळेचे आकडे बहुधा बरोबरच असतात. पण विहीर किती खोल, पंप चालू होता की बंद, नाल्याच्या वरच्या अंगाला पाणी कसे होते, बाटली प्रयोगशाळेत किती तासांनी पोचली, यातले काहीच कागदावर नसते. मग सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला अहवाल कोसळतो.

प्रयोगशाळा बिघडलेला नमुना सुधारू शकत नाही. म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा तयारीवर आणि कामाच्या क्रमावर भर आहे. उदाहरण वर्धा खोऱ्यातल्या खुल्या कोळसा खाणींचे घेतले आहे. गोव्यातल्या लोहखनिजाच्या किंवा इतर खाणींना पद्धत हीच लागू पडते. तपासायचे घटक तेवढे बदलतील.

१. आधी प्रश्न लिहून काढा

"पाणी चांगले आहे का?" हा प्रश्न फार मोघम आहे. पुढच्यापैकी आपला प्रश्न कोणता, ते एका ओळीत लिहा:

- खाणीतून उपसलेले पाणी नाल्यात सोडल्यावर नाल्यात काय बदलते?
- मातीच्या ढिगाऱ्यांमधून, म्हणजे ओबी डम्पमधून, झिरपणारे पाणी विहिरींपर्यंत पोचते आहे का?
- खाणीच्या उपशामुळे विहिरींची पातळी खाली जाते आहे का?
- गाव जे पाणी पिते ते पिण्यालायक आहे का?

चारही प्रश्नांची ठिकाणे वेगळी, घटक वेगळे, महिने वेगळे. चौथ्या प्रश्नासाठी घेतलेला नमुना पहिल्याचे उत्तर देत नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

२. नकाशा आणि ठिकाणांची निवड

गावनकाशा किंवा उपग्रह चित्र घ्या आणि त्यावर खाणीचा खड्डा, ढिगारे, कोळशाचा साठा, कोल हँडलिंग प्लांट, खाणीचे पाणी निवळण्यासाठी केलेली तळी, पाणी सोडण्याचे तोंड, नाले, नदी आणि सगळ्या विहिरी-बोअर दाखवा. औष्णिक वीज केंद्राची राखेची तळी, शहराचे सांडपाणी, गोठे, जास्त खत पडणारी शेतेही दाखवा. चंद्रपूरला हे टाळता येतच नाही. तिथे खाणी आणि महाऔष्णिक वीज केंद्र शेजारी-शेजारी आहेत आणि झरपट नदी तर शहरातूनच वाहते. दुसरे स्रोत नकाशावर नसतील तर समोरचा माणूस तेवढेच बोट दाखवून मोकळा होतो.

नाल्यासाठी किमान तीन ठिकाणे हवीत: पाणी सोडण्याच्या तोंडाच्या वर, प्रत्यक्ष तोंडाशी, आणि खाली जिथे दोन्ही पाणी पूर्ण मिसळले आहे तिथे. मिसळले की नाही हे नजरेने ठरवू नका. विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, मोजणारा मीटर घेऊन डाव्या काठाला, मध्ये आणि उजव्या काठाला वाचन घ्या. तिन्ही जवळपास सारखी आली की ते ठिकाण पक्के. नसतील तर आणखी खाली जा.

विहिरींच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चालू खुल्या खाणीतून रात्रंदिवस उपसा चालतो. त्यामुळे भोवतालचे भूजल बाहेर न जाता खड्ड्याकडेच वळते. म्हणून खड्ड्याला चिकटून असलेल्या विहिरीत बहुधा पातळी पडलेली दिसते, पण गुणवत्ता फारशी बदललेली नसते. लोक नेमकी तीच विहीर निवडतात आणि "काही सापडले नाही" असा अहवाल येतो. गुणवत्तेतला बदल शोधायचा तर ढिगाऱ्यांच्या उताराकडच्या विहिरी घ्या आणि खाणीचे पाणी ज्या नाल्यातून वाहते त्याच्या काठच्या विहिरी घ्या. उन्हाळ्यात त्या नाल्यात दुसरे पाणीच नसते. जे मुरते ते खाणीचेच. उपसा थांबून खड्डा भरू लागला की प्रवाहाची दिशा पुन्हा बदलू शकते. त्यामुळे बंद खाणीभोवती ठिकाणांची यादी नव्याने करावी लागते.

तुलनेसाठी किमान एक विहीर अशी हवी जिच्यावर खाणीचा परिणाम होण्याची शक्यता नाही, पण खडक तोच आहे. कामठी वालुकाश्मातल्या बोअरची तुलना बेसाल्टातल्या विहिरीशी केली तर निघणारा फरक खडकाचा असेल, खाणीचा नव्हे. उथळ विहीर आणि खोल बोअर यांचीही सरमिसळ नको.

तपासा: प्रत्येक ठिकाणाला कायमचा क्रमांक दिला आहे का? अक्षांश-रेखांश, खोली, व्यास, केसिंग (बोअरमध्ये बसवलेला पाइप) किती फुटांपर्यंत आहे आणि मालक पाणी कशाला वापरतो, हे नोंदवले आहे का? पुढच्या वेळी येणाऱ्या वेगळ्या माणसाला तीच विहीर सापडली पाहिजे.

३. काय तपासायचे

कोळसा खाणींतून सोडायच्या पाण्यासाठी केंद्र सरकारने २००० साली स्वतंत्र मानके लागू केली. पीएच ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, तेल आणि ग्रीस १०, नायट्रेट नायट्रोजन १०. खाणीच्या नियमित अहवालात तुम्हाला प्रामुख्याने हेच घटक दिसतील. या यादीत सल्फेट नाही. कोळशात आणि त्याच्या सोबतच्या खडकात पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असते. ते हवा-पाण्याच्या संपर्कात आले की सल्फेट आणि आम्ल तयार होते. खडकात चुना असेल तर तो आम्ल शोषून घेतो. त्यामुळे पीएच वर्षानुवर्षे सातच्या पुढे राहतो, पण सल्फेट आणि कठीणपणा मात्र वाढत जातो. पीएच पडायची वाट बघत बसलात तर पहिली खूण हुकलीच. म्हणून "सर्व घटक मर्यादेत" असे वाचल्यावर पहिला प्रश्न विचारा: सल्फेट मोजले का?

माझ्या मते किमान यादी अशी हवी:

- जागेवरच: तापमान, पीएच, ईसी, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा.
- मुख्य आयन, आठही: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट. पैसे वाचवायला यातले दोन गाळले की अहवाल पडताळण्याचा मार्गच बंद होतो. कसा, ते पुढे येईल.
- धातू आणि इतर: लोह, मँगनीज, फ्लोराइड, वर्षातून एकदा तरी आर्सेनिक, शिसे, निकेल, कॅडमियम, क्रोमियम. राखेचे तळे जवळ असेल तर बोरॉन.
- फक्त नाला आणि सोडलेले पाणी: तरंगते घन पदार्थ, सीओडी, बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन), तेल-ग्रीस.
- पिण्याचे स्रोत: कोलिफॉर्म (मैलापाण्याची खूण देणारे जंतू).

फ्लोराइडबद्दल सावध राहा. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत ते खडकातूनच पाण्यात उतरते. एखाद्या बोअरमध्ये ते जास्त सापडले म्हणून खाणीवर ढकलले आणि ती बोअर खाणीच्या आधीपासून तशीच होती असे निघाले, की तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. नायट्रेटचेही तसेच. खाणीत सुरुंगासाठी अमोनियम नायट्रेटवर आधारित स्फोटके वापरतात, पण नायट्रेट युरियातून आणि गोठ्यातूनही येते. त्यासाठीच तुलनेची विहीर हवी.

४. वेळापत्रक

पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये भूजलासाठी सहसा वर्षातून चार वेळा सांगितलेले असते: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तुमचे आकडे सरकारी आणि खाणीच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. नाल्यासाठी एवढे पुरत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ढिगाऱ्यांवरचे आणि कोळशाच्या साठ्यावरचे वर्षभराचे सगळे एकदम खाली येते. ती फेरी वेगळी ठेवा.

आठवड्याचा वारही बघा. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. गुरुवारी तपासणीला लावलेल्या बाटलीचे वाचन रविवारी येते आणि त्या दिवशी प्रयोगशाळा बंद असते. सोमवार-मंगळवार हे उत्तम दिवस.

५. आदल्या दिवशीची तयारी

प्रयोगशाळेला फोन करून तीन गोष्टी विचारा: कोणत्या घटकासाठी कोणती बाटली आणि किती पाणी लागेल, आम्ल तुम्ही घालून देणार की आम्ही घालायचे, आणि प्रत्येक घटकाची सर्वात कमी मोजता येणारी मात्रा किती. आर्सेनिकची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळा ०.०५ च्या खाली मोजूच शकत नसेल तर "आढळले नाही" या शेऱ्याला अर्थ नाही. ज्या घटकांची तपासणी हवी त्याच घटकांसाठी प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे ना, हेही पाहा. मान्यता घटकागणिक असते, इमारतीला सरसकट नसते.

सामान: बाटल्या (लेबल आधीच लावलेल्या), बर्फासह थंड पेटी, पीएच आणि ईसी मीटर, पीएचची ४, ७ आणि ९.२ ची बफर द्रावणे, ईसीसाठी १४१३ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरचे प्रमाण द्रावण, पातळी मोजायचा टेप, दोरी-बादली, ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर आणि सिरिंज, हातमोजे, ऊर्ध्वपातित पाणी, नोंदवही, पक्क्या शाईचे पेन. चंद्रपूरच्या मे महिन्यात बर्फ दुपारपर्यंत टिकत नाही. दुसरी पेटी भरून गाडीत ठेवाच.

मीटर त्याच दिवशी सकाळी जुळवा आणि परत आल्यावर त्याच द्रावणात पुन्हा वाचन घ्या. दोन्ही वाचने वहीत लिहा. पीएचचा इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवू नका, त्याने तो खराब होतो. त्याच्या साठवणीच्या द्रावणातच ठेवा.

सावधान: खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका. सुरुंगाच्या वेळा आधी विचारून घ्या. बंद खाणीच्या तलावाचा काठ वरून घट्ट दिसतो आणि पायाखालून सुटतो. नमुन्यासाठी विहिरीत उतरू नका. एकट्याने जाऊ नका.

६. विहिरीवर पोचल्यावर सर्वात आधी पातळी

बादली टाकण्याआधी आणि पंप सुरू करण्याआधी पातळी मोजायची. क्रम उलटा झाला की ती नोंद गेली. मालकाला विचारा, पंप शेवटचा कधी चालला? तासाभरापूर्वी चालला असेल तर मोजलेली पातळी उपशाची आहे, स्थिर पातळी नव्हे. थांबा, किंवा तसे स्पष्ट लिहा.

कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. त्या खुणेची जमिनीपासूनची उंची वजा करा. दोनदा मोजा, दोन वाचनांत एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

नुसत्या खोलीवरून पाणी कुठून कुठे वाहते ते कळत नाही. समजा 'अ' विहिरीजवळची जमीन समुद्रसपाटीपासून १९८.४० मीटर उंच आहे आणि पाणी ८.२५ मीटर खोल आहे. 'ब' विहिरीजवळची जमीन १९५.१० मीटर आणि पाणी ६.४० मीटर खोल. ऐकायला 'अ'चे पाणी खोल गेलेले वाटते. पण 'अ'ची जलपातळी १९०.१५ आहे आणि 'ब'ची १८८.७०. म्हणजे पाण्याचा कल 'अ'कडून 'ब'कडे आहे. ढिगारा 'अ'जवळ असेल तर नजर 'ब'वर ठेवायची. नेमकी दिशा काढायला एका सरळ रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. जमिनीची उंची मोबाइलवरून घेऊ नका. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपल्याला सेंटिमीटर हवे आहेत. एखाद्या अभियंत्याकडून ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने) एकदाच काढून घ्या, पुढे कायम कामाला येते.

७. भूजलाचा नमुना

बोअरमध्ये साठून राहिलेले पाणी म्हणजे जमिनीतले पाणी नव्हे. ते केसिंगच्या लोखंडाच्या आणि हवेच्या संपर्कात राहून बदललेले असते. आधी ते काढून टाका. जुना नियम बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढण्याचा आहे. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये मीटरला साधारण १७.७ लिटर पाणी असते. पाण्याचा स्तंभ ४० मीटर असेल तर आत ७०० लिटरच्या वर पाणी असते, म्हणजे त्याच्या तिप्पट, सुमारे २,१२० लिटर पाणी काढावे लागेल. पंप चालू ठेवून दर पाच मिनिटांनी ईसी, पीएच आणि तापमान लिहा. सलग तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत आणि ईसी तीन टक्क्यांच्या आत राहिली की नमुना घ्यायला हरकत नाही. रोज वापरातल्या हातपंपावर हे लवकर होते. बंद पडलेल्या बोअरला वेळ द्यावा लागतो.

नमुना पंपाच्या तोंडाशी घ्या. टाकीतून, नळाच्या लांब पाइपातून किंवा घरातल्या माठातून नाही. उघड्या विहिरीत बादली पृष्ठभागावर न भरता थोडी खाली जाऊ द्या आणि पायऱ्यांच्या कडेचे पाणी टाळा.

लोहाच्या बाबतीत डोळ्यांदेखत घडणारी गोष्ट अशी. खोल बोअरचे पाणी बाटलीत भरताना अगदी नितळ असते. घरी येईतो त्याला पिवळसर झाक येते आणि दुसऱ्या दिवशी तळाला तांबूस गाळ बसलेला असतो. विरघळलेले लोह हवा लागताच घट्ट होऊन खाली बसते. प्रयोगशाळेने वरचे नितळ पाणी घेतले की लोह कमी येते, बाटली हलवून घेतले की जास्त. शिवाय खाली बसताना ते आर्सेनिकसारखे इतर घटकही सोबत ओढून नेते. म्हणून विरघळलेले धातू मोजायचे तर पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून काढा आणि मगच नायट्रिक आम्ल घाला. आधी आम्ल, मग फिल्टर असा क्रम झाला तर गाळातले लोह विरघळून पाण्यात येते आणि आकडा फुगतो. एकूण धातू हवे असतील तर फिल्टर नको, फक्त आम्ल. दोन्हीपैकी काय केले ते लेबलवर लिहा.

८. नाल्याचा आणि नदीचा नमुना

आधी खालचे ठिकाण, मग वरचे. उलट गेलात तर तुमच्याच पायांनी ढवळलेला गाळ खालच्या नमुन्यात येतो. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा आणि बाटली हाताच्या पुढे, पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटिमीटरवर भरा. पाणी उथळ असेल तर मधल्या खोलीवर. तवंग, तरंगणारा कचरा आणि तळ यांना स्पर्श नको.

बहुतेक बाटल्या त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरायच्या. तेल-ग्रीसची काचेची बाटली मात्र विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहते. ती थेट, एकदाच भरायची आणि काठोकाठ नको. कोलिफॉर्मची निर्जंतुक बाटलीही विसळायची नाही.

आता प्रवाह. याची नोंद जवळपास कुणीच करत नाही आणि खरे उत्तर इथेच असते. सरळ, एकसारख्या भागात दहा मीटर अंतर मोजा, वरच्या टोकाला एक संत्रे सोडा. अख्खे संत्रे बहुतेक पाण्यात बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. वेळ चार-पाचदा घ्या. समजा सरासरी ४० सेकंद आली. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर झाला. खालचे पाणी थोडे हळू वाहते म्हणून ०.८५ ने गुणा. नाला ६ मीटर रुंद आणि सरासरी ०.४ मीटर खोल असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ०.५१ घनमीटर.

याचा उपयोग असा. वरच्या ठिकाणी प्रवाह ०.३० आणि सल्फेट लिटरला ६० मिलिग्रॅम, खालच्या ठिकाणी प्रवाह ०.५१ आणि सल्फेट १८०. प्रवाह गुणिले सल्फेट गुणिले ८६.४ केले की दिवसाचे किलो मिळतात. वरून आले सुमारे १,५५५ किलो, खाली गेले सुमारे ७,९३० किलो. मधे दिवसाला ६,३७५ किलोंची भर पडली. मधे आलेले पाणी ०.२१ घनमीटर, म्हणजे त्यात सल्फेट साधारण ३५० असायला हवे. तोंडावरच्या नमुन्यात खरोखर तेवढे निघाले तर हिशेब जुळला. तिथे २०० च निघाले तर मधे आणखी कुठून तरी पाणी येते आहे. नाल्याच्या काठाने चालत जाऊन ते शोधा. नुसती वरची आणि खालची बाटली घेऊन हे कधीच कळले नसते.

तपासा: नमुन्याच्या दिवशी खाणीचे पंप चालू होते का? शेवटचा पाऊस कधी झाला? या दोन ओळींशिवाय नाल्याचा नमुना अपुरा.

९. टिकवणे आणि पोचवणे

- धातू: नायट्रिक आम्लाने पीएच दोनच्या खाली.
- सीओडी, तेल-ग्रीस: सल्फ्युरिक आम्लाने दोनच्या खाली, थंड पेटीत.
- विरघळलेला ऑक्सिजन: मीटर नसेल तर जागेवरच रसायने घालून स्थिर करा, बाटलीत हवेचा बुडबुडा नको.
- बीओडी आणि मुख्य आयन: आम्ल नको, फक्त थंड. बायकार्बोनेटची बाटली काठोकाठ भरा.
- कोलिफॉर्म: थंड, शक्यतो सहा तासांत, २४ तासांनंतर पोचलेला नमुना प्रयोगशाळेने तपासायला घेऊच नये.
- फ्लोराइड: प्लॅस्टिकची बाटली, काचेची नव्हे.

नायट्रिक आम्ल घातलेल्या बाटलीतून नायट्रेट मोजले गेल्याचे प्रकार होतात. आकडा भयंकर येतो आणि गावात घबराट पसरते. आम्लाच्या बाटल्यांवर लाल पट्टी चिकटवा.

दर फेरीत एका ठिकाणी दुसरी, वेगळा क्रमांक दिलेली जुळी बाटली भरा, आणि एका बाटलीत जागेवरच ऊर्ध्वपातित पाणी भरून तीही द्या. जुळ्या बाटल्यांत मोठा फरक आला, किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात लोह निघाले, तर त्या फेरीचे आकडे वापरण्याआधी प्रयोगशाळेशी बोला. थोडा खर्च वाढतो. तो वाचवू नका. एखादे ठिकाण कमी करा.

नमुना कुणी घेतला, कुणाच्या ताब्यात किती वाजता दिला, प्रयोगशाळेत पोचला तेव्हा पेटीत बर्फ होता का, याचा सह्यांसह कागद बाटल्यांबरोबर जाऊ द्या.

१०. अहवाल आल्यावर वाचण्याआधी पडताळा

पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांचा भार सारखाच असतो. मिलिग्रॅमला प्रत्येकाच्या तुल्यांकाने भागून दोन्ही बाजूंची बेरीज करा. तुल्यांक: कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२.१५, सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, बायकार्बोनेट ६१, सल्फेट ४८, क्लोराइड ३५.५, नायट्रेट ६२.

एक उदाहरण करून बघू. कॅल्शियम ९६, मॅग्नेशियम ४२, सोडियम ७४, पोटॅशियम ४: बेरीज सुमारे ११.६. बायकार्बोनेट ३६६, सल्फेट १६८, क्लोराइड ६४, नायट्रेट १८: बेरीज ११.६. जुळले. टंकलेखनात सल्फेट १६८ ऐवजी ६८ पडले असते तर ऋण बाजू ९.५ झाली असती. फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागले की जवळजवळ दहा टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. त्यापुढे प्रयोगशाळेला लेखी विचारा. आठही आयन मागायचे कारण हेच.

आणखी तीन तपासण्या:

- धन आयनांच्या बेरजेला १०० ने गुणले की ईसीच्या जवळपास आकडा यायला हवा. वरच्या उदाहरणात ११६० च्या आसपास.
- क्षारता "कॅल्शियम कार्बोनेट म्हणून" दिली असेल तर बायकार्बोनेटसाठी १.२२ ने गुणा. न गुणता वापरली की भार जुळत नाही आणि प्रयोगशाळेवर उगाच संशय येतो.
- नायट्रेट की नायट्रेट नायट्रोजन? ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम नायट्रोजन. या दोन नावांची अदलाबदल हा मी पाहिलेला सर्वात सामान्य घोटाळा आहे.

११. तुलना कशाशी करायची

विहिरीच्या पाण्याची तुलना पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी, म्हणजे आयएस १०५०० शी. सोडलेल्या पाण्याची तुलना खाणींच्या मानकाशी आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटींशी. या दोन गोष्टी एकमेकांत मिसळू नका. पिण्याच्या मानकात दोन रकाने असतात: स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तरच चालणारी मर्यादा. सल्फेटसाठी २०० आणि ४००, एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी ५०० आणि २०००, फ्लोराइडसाठी १ आणि १.५. नायट्रेटच्या ४५ ला सूट नाही. दुसरा रकाना दाखवून कुणी "मर्यादेत आहे" म्हणाले तर दुसरा स्रोत खरोखर नाही का, हे विचारा.

पण खाणीचा परिणाम ओळखायला मर्यादा ओलांडली जाण्याची गरज नसते. तुलनेच्या विहिरीत सल्फेट तीस-चाळीसवर स्थिर आहे आणि ढिगाऱ्याखालच्या विहिरीत ते दर मे महिन्यात चढत १५० वर गेले आहे. दोन्ही मर्यादेतच, तरी गोष्ट स्पष्ट आहे. मे ची तुलना मे शी आणि नोव्हेंबरची नोव्हेंबरशी करा. पावसाळ्यानंतर सगळीकडेच पाणी पातळ होते. त्याला सुधारणा समजू नका.

स्रोत ओळखताना घटकांची जोडी बघा. सल्फेट, कठीणपणा आणि मँगनीज एकत्र वाढले तर संशय खाणीवर. क्लोराइड, नायट्रेट आणि कोलिफॉर्म एकत्र वाढले तर सांडपाण्यावर. बोरॉन आणि सल्फेट सोबत आले तर राखेवर. यातून दिशा मिळते. निकाल नकाशा, पातळी आणि प्रवाह यांच्याशी जुळवूनच लावायचा.

१२. मर्यादा ओलांडलेली दिसली तर

आधी तोच नमुना तिथूनच, लगेच, पुन्हा घ्या. पिण्याचा स्रोत असेल तर दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि लोकांना दुसरे पाणी वापरायला सांगा. नायट्रेट जास्त असलेले पाणी उकळून सुरक्षित होत नाही, उलट तीव्र होते. हे घरोघरी सांगावे लागते, विशेषतः तान्ह्या बाळांच्या घरी.

सोडलेल्या पाण्याबाबत लक्षात ठेवा: १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा नमुना प्रदूषण मंडळाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, खाणीला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून घ्यावा लागतो. तुमच्या बाटलीला ते स्थान नाही. तुमच्या नोंदींचा उपयोग मंडळाला योग्य दिवशी, योग्य ठिकाणी आणण्यासाठी आहे. म्हणून तक्रारीत "नाल्याचे पाणी खराब आहे" असे लिहू नका. ठिकाणाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, वरचा आणि खालचा आकडा, प्रवाह, पंपांची स्थिती आणि पडताळणीचे गणित जोडा.

खाणीला पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मिळवा आणि त्यातल्या ठिकाणांची नावे तुमच्या नकाशावर टाका. बऱ्याचदा आकड्यांच्या आधी हेच दिसते की ढिगाऱ्याच्या उताराकडे त्यांचे एकही ठिकाण नाही. असे दिसले तर तुमच्या यादीतल्या त्या बाजूच्या विहिरींचे क्रमांक आणि तिथले मे व नोव्हेंबरचे आकडे देऊन ती ठिकाणे त्यांच्या यादीत घालण्याची लेखी मागणी करा, आणि प्रत प्रदूषण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या.